संदेशमंचावरील लघु-उपयोजने व त्यांचे अर्थकारण : पुरुषोत्तमनगरच्या सहकारी परंपरेच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भ्रमणध्वनीवर निरोप पाठविण्यासाठी निर्माण झालेली साधने गेल्या दोन दशकांत बाजारपेठ, तिकीट खिडकी, बँकेचा काउंटर आणि सरकारी कचेरी अशी अनेक कामे करू लागली. व्हॉट्सॲप, टेलिग्राम, वुईचॅट यांसारख्या संदेशमंचांच्या आतच चालणारी छोटी उपयोजने आज कोणताही होतकरू तरुण अल्प भांडवलात तयार करू शकतो. त्यासाठी स्वतंत्र ॲप उतरवून घेण्याची गरज नसते. ग्राहक ज्या खिडकीत नातेवाइकांशी बोलतो, त्याच खिडकीत त्याला पिकाचा भाव, मेट्रोचे तिकीट किंवा प्रश्नमंजूषा मिळते. या सोयीमुळे हा विषय बहुधा तंत्रज्ञानाच्या किंवा उद्योजकतेच्या अंगाने मांडला जातो. त्याचा इतिहास मात्र दुर्लक्षित राहिला आहे.

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील पुरुषोत्तमनगर हे सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेले ठिकाण आहे. अशा सहकारी ठिकाणाच्या नजरेतून या विषयाकडे पाहिले असता एक निराळा प्रश्न समोर येतो. उपयोजन कोणी बनविले यापेक्षा ते ज्या मार्गावरून चालते तो मार्ग कोणाच्या मालकीचा आहे, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

1. महाराष्ट्रात संदेशमाध्यमावर आधारित छोट्या माहितीसेवा कशा निर्माण झाल्या हे पाहणे.
2. या सेवांचे उत्पन्न कोणत्या मार्गाने आले व त्यातील वाटा कोणाकडे गेला याचा शोध घेणे.
3. सहकारी कारखान्याची रचना आणि आजच्या संदेशमंचाची रचना यांची तुलना करणे.

सहकारी कारखाना : सामायिक मालकीची व्यवस्था

विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगर येथे उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याने 1950-51 मध्ये गळीत हंगाम सुरू केला. तेथून ही चळवळ महाराष्ट्रभर पसरली. खानदेशात शहादा परिसरात पी. के. अण्णा पाटील यांच्या नेतृत्वाखाली सहकार व शिक्षण या दोन्ही क्षेत्रांत संस्था उभ्या राहिल्या. पुरुषोत्तमनगरचा कारखाना हा त्याच परंपरेचा भाग होय.

कारखान्याचे काम बारकाईने पाहिल्यास ते बव्हंशी माहितीचे काम आहे असे दिसते. लागणीची नोंद शेतकी विभागात होते. नोंदीच्या क्रमानुसार तोडणीचा कार्यक्रम ठरतो. चिटबॉय शेतावर पावती देतो, गाडी काट्यावर येते, भरलेल्या व रिकाम्या वाहनाच्या वजनातून उसाचे निव्वळ वजन निघते आणि त्यावरून बिल तयार होते. 1966 च्या ऊस (नियंत्रण) आदेशानुसार ऊस पोहोचल्यापासून 14 दिवसांत किंमत देणे बंधनकारक आहे. साहजिकच ऊस उत्पादकाचे प्रश्न थोडे आणि नेमके असतात: तोड कधी, वजन किती, खतापोटी किती कपात झाली, खात्यावर किती जमा झाले. आजच्या परिभाषेत लघु-उपयोजनाने सोडवावयाचे काम म्हणतात ते नेमके हेच होय.

या व्यवस्थेचे वैशिष्ट्य तिच्या मालकीत आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार भागांची संख्या कितीही असली तरी सभासदाला एकच मत असते. त्याच कायद्याच्या कलम 32 अन्वये संस्थेच्या दप्तरातील स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहण्याचा अधिकार सभासदाला आहे. काटामारीच्या तक्रारी, बिलांची थकबाकी, संचालक मंडळातील गटबाजी हे सारे सहकाराच्या इतिहासात आहेच. तथापि तक्रार कोठे करावयाची हे सभासदाला ठाऊक असते व दर काही वर्षांनी मताचा अधिकारही त्याच्या हाती येतो.

या मालकीला एक मोठी मर्यादाही होती. सभासदत्व जमिनीशी जोडलेले होते. ज्याच्या हातात कोयता होता तो तोडणी मजूर आणि ज्याची जमीन गेली होती तो भिल्ल आदिवासी या मालकीच्या बाहेर राहिला. शहादा परिसरात अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाने आकारास आलेली चळवळ व 1972 मध्ये स्थापन झालेली श्रमिक संघटना यांची पार्श्वभूमी याच विषमतेची होती. म्हणून सहकारी रचनेचा आदर्श मांडताना तिच्या कक्षेबाहेरचा माणूस विसरता येत नाही.

वारणा : कारखान्याच्या दप्तरातून भ्रमणध्वनीकडे

ज्या 1998 साली धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन 1 जुलै रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला, त्याच वर्षी पश्चिम महाराष्ट्रातील वारणानगर परिसरात 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पाची सुरुवात झाली. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा सहकारी समूहाचा हा परिसर होय. सुमारे 70 गावांना संगणक केंद्रांनी जोडण्याच्या या प्रकल्पाच्या खर्चात केंद्र व राज्य शासनाचा वाटा मोठा होता. शेतकऱ्याला बाजारभाव, शेतीसल्ला, शिक्षण अशी सर्व प्रकारची माहिती गावातच मिळावी, अशी अपेक्षा होती.

प्रत्यक्षात या केंद्रांचा मुख्य उपयोग कारखान्याशी असलेल्या व्यवहारासाठीच झाला. शेतकरी केंद्रावर येत असे तो उसाचे वजन, खताची नोंद आणि खात्याचा हिशेब यासाठी. विजेचा खंडितपणा व संगणकांची देखभाल यांमुळे केंद्रे चालविणेही कठीण झाले. या निरीक्षणातून मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूर येथील संशोधकांनी 'वारणा अनवायर्ड' हा प्रयोग केला. राजेश वीरराघवन, नागा यशोधर व केंतारो टोयामा यांनी त्याचा वृत्तांत 2009 मध्ये शोधपत्रिकेत प्रसिद्ध केला. सात गावांत आठ महिने चाललेल्या या प्रयोगात संगणकाची सर्व कामे साध्या एसएमएसवर आणण्यात आली. ठरावीक नमुन्याचा संदेश पाठवावयाचा आणि कारखान्याच्या नोंदीतून उत्तर परत यावयाचे, अशी ही रचना होती. ती संगणक केंद्रापेक्षा कमी खर्चाची, सोयीची व शेतकऱ्यांना अधिक पसंत पडलेली ठरली.

संदेशमंचाच्या आत चालणारे उपयोजन ही संकल्पना रूढ होण्यापूर्वीच महाराष्ट्रातील एका सहकारी कारखान्यात ती प्रत्यक्षात उतरली होती, असे म्हणता येईल. यातील अर्थकारणही लक्षणीय आहे. ही सेवा विकून उत्पन्न मिळवावयाचे नव्हते, कारखान्याचा खर्च वाचवावयाचा होता. माहिती सहकारी संस्थेची होती आणि लाभही सभासदाच्याच पदरी पडणार होता. केवळ संदेश वाहून नेणारी तार तेवढी परकी होती.

विक्रीस आलेला संदेश

याच काळात संदेशाला स्वतंत्र वस्तू मानून त्याची विक्री करण्याचे प्रयत्न मुंबईतून सुरू झाले. ऑक्टोबर 2007 मध्ये महाराष्ट्रात 'रॉयटर्स मार्केट लाइट' ही सेवा आली. हवामान, बाजारभाव व पीकसल्ला शेतकऱ्याला त्याच्या भाषेत एसएमएसने मिळे. आरंभी तीन महिन्यांसाठी 175 रुपये शुल्क होते आणि कार्डांच्या विक्रीसाठी टपाल कार्यालयांचेही साहाय्य घेण्यात आले. माहितीसाठी शेतकरी रोख पैसे मोजतो हे या सेवेने दाखवून दिले.

मात्र मार्सेल फाफशां व बार्ट मिंटेन यांनी महाराष्ट्रातील 100 गावांत केलेल्या व 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या सेवेमुळे शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावात सरासरीने लक्षणीय फरक पडल्याचे आढळले नाही. भाव कळला तरी माल नेण्याची सोय, अडत्याशी असलेला उचलीचा व्यवहार आणि बाजार समितीचे अंतर हे घटक जेथल्या तेथेच राहतात, हे ग्रामीण अर्थव्यवस्थेच्या अभ्यासकाला सहज समजण्यासारखे आहे.

दुसरा प्रयत्न 'एसएमएस गपशप' या सेवेचा. बिरुद शेठ यांच्या कंपनीने 2007 मध्ये सुरू केलेल्या या सेवेवर कोणालाही गट काढून सभासदांना विनामूल्य संदेश पाठविता येत असे. विनोद, क्रिकेट, सुविचार, स्थानिक बातम्या यांचे असंख्य गट निघाले व वापरणाऱ्यांची संख्या कोटींत गेली. वापरकर्त्याला फुकट असलेल्या प्रत्येक संदेशाचे पैसे कंपनीला दूरसंचार कंपन्यांना द्यावे लागत. जाहिरातींतून तो खर्च भागविणे अवघड होते. त्यातच नको असलेल्या संदेशांना आळा घालण्यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे नियम 27 सप्टेंबर 2011 पासून कडक झाले व सामान्य ग्राहकाच्या दैनिक संदेशांवरही मर्यादा आली. कालांतराने कंपनीने लोकांच्या गटांऐवजी बँका व व्यापारी संस्थांचे संदेश पोहोचविण्याचा व्यवसाय स्वीकारला. एप्रिल 2021 मध्ये तिने 10 कोटी डॉलरची गुंतवणूक मिळविली तेव्हा तिचे मूल्य 140 कोटी डॉलर मानले गेले. लोकांच्या गप्पांनी कंपनीला नाव मिळवून दिले; पैसा मात्र संस्थांच्या पावत्यांनी दिला.

या काळातील एक तांत्रिक बाब मराठी वाचकाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. रोमन लिपीतील एका एसएमएसमध्ये 160 अक्षरे मावतात. देवनागरीसाठी युनिकोड वापरावा लागत असल्याने ही मर्यादा 70 वर येते, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही चिन्हेही स्वतंत्र मोजली जातात. म्हणजे मराठीत तोच मजकूर पाठविण्यास दुप्पट किंवा अधिक संदेश लागत व तेवढे पैसे पडत. अनेक संस्थांचे निरोप रोमन लिपीतील मराठीत येत, त्यामागे लिपीचे हे अर्थकारणही होते. शहादा परिसरात तर घरात अहिराणी, गुजरी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या माणसाला हा निरोप परक्या लिपीत वाचावा लागे.

तुलनेसाठी जपानचे उदाहरण घेता येईल. तेथे एनटीटी डोकोमो कंपनीने फेब्रुवारी 1999 मध्ये 'आय-मोड' सेवा सुरू केली. छोट्या माहितीसेवांची वर्गणी कंपनी ग्राहकाच्या दूरध्वनी बिलातून वसूल करी व त्यावर 9 टक्के कमिशन घेऊन उरलेली रक्कम सेवा देणाऱ्यास देई. भारतात मूल्यवर्धित सेवांच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा दूरसंचार कंपन्यांकडेच राहत असे. मार्गाच्या मालकाने भाडे किती घ्यावे, यावर त्या मार्गावरील छोट्या धंद्यांचे आयुष्य ठरते, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

संदेशमंचांचा उदय

स्मार्टफोनच्या प्रसारानंतर तार दूरसंचार कंपनीची राहिली, पण तिच्यावरचा वाडा नव्या मालकांनी बांधला. चीनमधील वुईचॅटने 9 जानेवारी 2017 रोजी 'मिनी प्रोग्राम' सुरू केले. टेलिग्रामने जून 2015 मध्ये स्वयंचलित बॉटसाठी आपला मंच खुला केला आणि एप्रिल 2022 मध्ये बॉटच्या आत संपूर्ण वेब-उपयोजन चालविण्याची सोय दिली. भारतात 'हाइक' या स्वदेशी संदेशमंचाने पैसे, बातम्या, खेळ असे सर्व एकाच ठिकाणी देण्याचा प्रयत्न केला, परंतु त्याची संदेशसेवा जानेवारी 2021 मध्ये बंद झाली.

महाराष्ट्रात हे स्थित्यंतर प्रामुख्याने व्हॉट्सॲपवर घडले. ऑगस्ट 2018 मध्ये व्यवसायांसाठी या मंचाची सशुल्क जोडणी खुली झाली. करोना साथीच्या आरंभी, मार्च 2020 मध्ये, केंद्र शासनाचा माहिती देणारा बॉट मुंबईच्या 'हॅप्टिक' कंपनीने व्हॉट्सॲपवर उभा केला. 2022 मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मार्गावरील मुंबई मेट्रो वनचे तिकीट व्हॉट्सॲपवर मिळू लागले, तर त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जिओमार्टचा किराणा त्यावरून मागविण्याची सोय जाहीर झाली. सप्टेंबर 2023 मध्ये मेटा कंपनीने मुंबईतील परिषदेत 'फ्लोज' ही सुविधा घोषित केली. तिच्यामुळे संभाषणाच्या आतच अर्ज भरणे, आसन निवडणे, वेळ ठरविणे शक्य झाले. 2025 मध्ये राज्य शासनाने 'आपले सरकार' सेवा व्हॉट्सॲपवर आणण्यासाठी मेटाशी सहकार्य जाहीर केले.

उत्पन्नाचे मार्ग आणि मालकाचे नियम

लघु-उपयोजन बनविणाऱ्यास उत्पन्न मिळविण्याचे चार मार्ग उपलब्ध असतात. ग्राहकाकडून वर्गणी घेणे, वस्तू किंवा सेवा विकणे, जाहिरात दाखविणे आणि एखाद्या संस्थेसाठी उपयोजन बांधून देऊन तिच्याकडून मोबदला घेणे. यांपैकी कोणताही मार्ग मंचमालकाच्या नियमांतून जातो.

व्हॉट्सॲपच्या 1 जुलै 2025 पासूनच्या पद्धतीत व्यवसायाने आपणहून पाठविलेल्या साचेबद्ध संदेशावर प्रकारानुसार शुल्क आकारले जाते. ग्राहकाने प्रथम विचारणा केल्यास पुढील 24 तासांतील उत्तरे विनामूल्य असतात. याचा व्यावहारिक अर्थ असा की, शेतकऱ्याने वजन विचारले तर कारखान्याला उत्तर फुकट देता येते. कारखान्याने तोडीची तारीख स्वतःहून कळविली तर मात्र पैसे पडतात. ज्या माहितीची शेतकऱ्याला सर्वाधिक निकड असते ती बहुधा या दुसऱ्या प्रकारची असते.

टेलिग्रामने जून 2024 मध्ये अंकीय वस्तूंच्या विक्रीसाठी 'स्टार्स' हे स्वतःचे चलन आणले. ग्राहक ॲपल किंवा गूगलच्या दुकानामार्फत स्टार्स घेतो तेव्हा त्या कंपन्यांचे कमिशन आधीच वळते होते. निर्मात्याला मिळालेले स्टार्स टॉनकॉइन या आभासी चलनात बदलता येतात. भारतात 1 एप्रिल 2022 पासून आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणातील नफ्यावर 30 टक्के आयकर आणि 1 जुलै 2022 पासून व्यवहारावर 1 टक्का उगमकर कपात लागू झाली. एका छोट्या प्रश्नमंजूषेच्या उत्पन्नाला अशा प्रकारे तीन-चार दारांवर जकात द्यावी लागते.

जकातीपेक्षाही गंभीर बाब नियमबदलाची आहे. 2024 मध्ये टेलिग्रामवरील 'नॉटकॉइन', 'हॅम्स्टर कॉम्बॅट' या खेळांनी कोट्यवधी वापरकर्ते गोळा केले. जानेवारी 2025 मध्ये टेलिग्रामने जाहीर केले की, अशा उपयोजनांनी केवळ टॉन ही एकच साखळी वापरावी. इतर साखळ्यांवरील उपयोजनांना स्थलांतरासाठी सुमारे एक महिना मिळाला. ऑक्टोबर 2025 मध्ये व्हॉट्सॲपने अटी बदलून 15 जानेवारी 2026 पासून सर्वसाधारण स्वरूपाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता सहायकांना आपल्या व्यवसाय-सेवेवर मनाई करण्याचे ठरविले. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने डिसेंबर 2025 मध्ये त्याविरुद्ध अंतरिम आदेश दिला. भारतातही स्पर्धा आयोगाने व्हॉट्सॲपच्या 2021 च्या गोपनीयता धोरणाबाबत नोव्हेंबर 2024 मध्ये मेटाला 213.14 कोटी रुपयांचा दंड केला होता व अपील न्यायाधिकरणाने नोव्हेंबर 2025 मध्ये तो कायम ठेवला. या घटनांतून एक गोष्ट सिद्ध होते: मंचावर धंदा करणारा आणि मंच वापरणारा यांना नियम ठरविताना मत नसते. त्यांच्या बाजूने उभे राहण्याचे काम न्यायालयीन यंत्रणेलाच करावे लागते.

पुरुषोत्तमनगरच्या संदर्भात विचार

29 सप्टेंबर 2010 रोजी देशातील पहिले आधार क्रमांक शहादा तालुक्यातीलच टेंभली गावात देण्यात आले. देशव्यापी अंकीय व्यवस्थेचा आरंभ याच तालुक्यातून झाला, ही घटना अर्थपूर्ण आहे. व्यवस्था येथे पोहोचली, परंतु तिची रचना दूर कोठेतरी ठरली. संदेशमंचांच्या बाबतीतही असेच घडले आहे. शहाद्याच्या महाविद्यालयातील संगणकशास्त्राचा किंवा वाणिज्याचा विद्यार्थी आज ऊस उत्पादकासाठी वजन-बिलाचे उपयोजन काही आठवड्यांत बांधू शकेल. तांत्रिक अडथळा जवळजवळ उरलेला नाही. प्रश्न उरतो तो नोंदी कोणाच्या ताब्यात राहतील आणि मंचाने उद्या दर वाढविल्यास सेवा कशी चालेल हा.

येथे वारण्याचा धडा उपयोगी पडतो. मूळ नोंदवही संस्थेच्या संगणकात राहिली आणि संदेशमाध्यम केवळ निरोप्या राहिले, तर निरोप्या बदलता येतो. संगणक केंद्राची जागा एसएमएसने घेतली तेव्हा वारण्याच्या नोंदी नाहीशा झाल्या नाहीत. याउलट ज्याची ग्राहकयादी, व्यवहार व चलन हे सर्व मंचाच्याच पोटात आहे, त्या उपयोजनाला मंच सोडणे म्हणजे धंदा सोडणे ठरते.

दुसरी बाब सभासदत्वाबाहेरच्या माणसाची. सातपुड्याच्या पायथ्याचा तोडणी मजूर हा कारखान्याच्या नोंदीत टोळीच्या मुकादमाच्या नावामागे झाकला जातो. त्याने किती टन ऊस तोडला, उचल किती होती, किती फिटली, हे त्याला त्याच्या भाषेत, ऐकू येईल अशा ध्वनिसंदेशात कळविणारे लघु-उपयोजन तांत्रिकदृष्ट्या शेतकऱ्याच्या उपयोजनापेक्षा अवघड नाही. मात्र त्यासाठी वर्गणी देणारा ग्राहक नाही आणि जाहिरातदारालाही त्यात रस नाही. बाजाराच्या नियमाने ते निर्माण होण्याची शक्यता कमी आहे. सहकारी संस्थेने आपल्या खर्चातून ते उभारले तरच ते उभे राहील. 1972 च्या चळवळीने विचारलेला हिशेबाचा प्रश्न आजच्या तंत्रज्ञानापुढेही तसाच उभा आहे.

निष्कर्ष

1. संदेशाच्या आत चालणारे उपयोजन ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. वारणा येथील प्रयोगात ती सहकारी संस्थेच्या गरजेतून साकार झाली होती.
2. रॉयटर्स मार्केट लाइट व एसएमएस गपशप यांच्या अनुभवावरून, सामान्य माणसाकडून किंवा जाहिरातीतून मिळणाऱ्या उत्पन्नापेक्षा संस्थांकडून मिळणारे उत्पन्न अधिक टिकाऊ ठरले असे दिसते.
3. दूरसंचार कंपनी असो वा संदेशमंच, मार्गाच्या मालकाचे शुल्क व नियम हाच छोट्या उपयोजनाच्या अर्थकारणातील निर्णायक घटक राहिला आहे. देवनागरी लिपीला एसएमएसच्या काळात पडलेला जादा खर्च हे त्याचे ठळक उदाहरण होय.
4. स्थानिक संस्थांनी मूळ नोंदी स्वतःकडे ठेवाव्यात व संदेशमंचाचा उपयोग केवळ पोहोचविण्याचे साधन म्हणून करावा. महाविद्यालयांनी उपयोजन बांधणीबरोबरच मंचाचे करार, शुल्क व कररचना यांचेही शिक्षण द्यावे.
5. सहकाराने शेतकऱ्याला काट्यावर व दप्तरावर हक्क दिला, तोडणी मजुराला तो दिला नाही. नवे माध्यम ही उणीव भरून काढू शकते. परंतु त्यासाठी या मजुराच्या हिशेबाला कारखान्याच्या दप्तरात प्रथम स्वतंत्र ओळ मिळाली पाहिजे.